मशीनला वीस केव्हीए, सेन्सरला दोन मिलिवॅट

"अरे, ह्या मशीनला मी वीस केव्हीएचं कनेक्शन दिलंय आणि तू तिच्या डोक्यावर बसून मिलिव्होल्ट मोजतोयस?"

शेजारच्या मशीनवर फेस मिल चालू होती म्हणून साहेब खालून ओरडून विचारत होते. मी तीन नंबरच्या व्हीएमसीला, म्हणजे वरून खाली कापणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनला, शिडी लावून वर चढलो होतो. एका हातात मल्टिमीटर, दुसऱ्या हाताने हेडवर दाबून धरलेली चार सेंटिमीटरची चौकोनी पांढरी वडी, आणि मीटरवर ४३ मिलिव्होल्ट. तेवढ्यावर मी खूश होतो, आणि का खूश होतो हे खाली उभ्या असलेल्या मालकाला समजावणं अवघड होतं. "उतरल्यावर सांगतो" म्हणालो. सांगून पूर्ण व्हायला सात-आठ महिने गेले.

आमचं शॉप भोसरी एमआयडीसीत. आठ व्हीएमसी, चार सीएनसी लेथ, दोन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. काम बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पंप बॉडीचं आणि थोडं दुचाकीच्या ॲल्युमिनियमच्या भागांचं. मी मेंटेनन्स बघतो. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पण गेली बारा वर्षं हात ग्रीसमध्येच.

गेल्या पावसाळ्यात तीन नंबरचा स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरवणारा दांडा, कामातून गेला. आधी दोन दिवस बोअरला फिनिश येईना. सेटरने इन्सर्ट बदलले, फीड कमी केला, कूलंटला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी आवाज सुरू झाला आणि टेस्ट बारला डायल लावला तर काटा नाचायला लागला. स्पिंडल उतरवून रिपेअरला पाठवला. उघडल्यावर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं. स्पिंडलच्या तोंडाशी कूलंट आत जाऊ नये म्हणून हवेचा पडदा असतो, एअर पर्ज. त्या हवेतूनच पाणी आत गेलं होतं. श्रावणातल्या दमट हवेत कॉम्प्रेसर पाणीच ओढतो, आणि एफआरएलचा, म्हणजे हवा गाळून पाणी वेगळं काढणाऱ्या फिल्टरचा, वाडगा भरलेला कोणी रिकामा केला नव्हता. कूलंट अडवायला सोडलेल्या हवेने आम्हीच बेअरिंगला अंघोळ घातली. मशीन अकरा दिवस बंद. त्या बिलाची झेरॉक्स साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे, आणि ती माझ्याकडे तोंड करून ठेवलेली आहे.

त्या मशीनवर मामा असतात. शॉपमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणतात, साहेबसुद्धा. स्पिंडल गेल्यावर ते मला सहज म्हणाले, "मला आठ दिवस आधीच आवाज वेगळा वाटत होता."

"मग बोललात का नाही?"

"बोललो की. सेटरला बोललो. तो म्हणाला, बेल्टचा असेल."

हे माझ्या डोक्यात बसलं. मामांच्या कानाला कळलेलं वहीत कुठेच नव्हतं. आठ दिवसांपूर्वीचा आवाज आणि आजचा आवाज शेजारी ठेवून बघता आले असते, तर सेटरला "बेल्टचा असेल" म्हणून सुटता आलं नसतं. म्हणून हेडवर एक कायमचा कंपनमापक बसवायचा असं ठरवलं. कंपन मोजणारी चिप आता महाग नाही. हिशेब करणारा छोटा कंट्रोलर आणि ब्लूटूथ एकाच बोर्डवर मिळतात. प्रश्न उरला तो विजेचा.

वायर का नाही, हे आधी सांगतो, कारण साहेबांचा पहिला प्रश्न तोच होता. पॅनेलमध्ये २४ व्होल्ट हजर आहेत. पण स्पिंडलचं हेड दिवसभर वर-खाली करतं, म्हणजे वायर केबल चेनमधून न्यावी लागणार. चेन आधीच ठासून भरलेली, आणि चेनमधली वायर तुटणं हा आमच्याकडचा नेहमीचा ब्रेकडाऊन. मशीनची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) ज्यांच्याकडे आहे त्यांच्या माणसाने स्वच्छ सांगितलं, "चेनमध्ये तुमची एक वायर दिसली तर आमची जबाबदारी संपली." शिवाय माझी वायर शॉर्ट होऊन कंट्रोलचे २४ व्होल्ट गेले, तर मशीनवर लक्ष ठेवणाऱ्यानेच मशीन बंद पाडली असं व्हायचं.

बॅटरी का नाही? ते मीच ठरवलं, आणि त्यात शहाणपणापेक्षा राग जास्त होता. सर्व्हो मोटरची जागा लक्षात ठेवणाऱ्या ॲब्सोल्यूट एन्कोडरला बॅकअप बॅटरी असते. ती कमी झाली की स्क्रीनवर इशारा येतो. आमच्याकडे ऑपरेटर रीसेट दाबतो, इशारा जातो, सगळे खूश. मग एका शुक्रवारी सकाळी मशीनला आपलं होमच, म्हणजे मोजमाप सुरू करायची जागाच, आठवत नाही, आणि आमचे तीन तास रेफरन्स परत बसवण्यात जातात. बारा मशीनवर आणखी बारा बॅटऱ्या म्हणजे विसरायच्या आणखी बारा गोष्टी. म्हणून मी हट्ट धरला की सेन्सरने आपली वीज आपणच मिळवायची.

पहिला प्रयोग पिझोचा, म्हणजे वाकवलं की वीज देणाऱ्या चकतीचा. ज्या कंपनाचं माप घ्यायचं त्याच कंपनावर सेन्सर चालवायचा, ही कल्पना कागदावर फार देखणी दिसते. पितळी पट्टीवर पिझोची चकती, पट्टीचं एक टोक घट्ट धरलेलं, दुसऱ्या टोकाला वजन. वजन घासून घासून पट्टीची स्वतःची लय ५० हर्ट्झवर आणली, म्हणजे ३००० आरपीएमची लय. घरी स्पीकरवर ठेवून बघितलं तर एलईडी लुकलुकला. पोरगी खूश, मी तिच्याहून खूश. मशीनवर लावल्यावर काहीच नाही.

कारणं दोन, आणि दोन्ही मला आधी सुचायला हवी होती. अशी पट्टी तिच्या ठरावीक लयीवरच डोलते, लय दोन-चार हर्ट्झ सरकली की गप्प बसते. आमचा स्पिंडल टॅपिंगला ६००वर फिरतो, ड्रिलला ५०००वर, आणि टूल दर मिनिटाला बदलतं. दुसरं कारण जास्त झोंबणारं. चांगला स्पिंडल हलतोच किती? आमच्याकडे बिनकामाचा फिरताना ०.७ मिलिमीटर प्रति सेकंद कंपन म्हणजे ठीकठाक मशीन. ५० हर्ट्झला याचा प्रवेग काढला तर जेमतेम ०.०२ जी येतो. त्यातून हाताला लागणार मायक्रोवॅट. म्हणजे मशीन जितकी निरोगी तितका सेन्सर उपाशी, आणि मशीन मरायला टेकली की हा जेवायला उठणार. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "तेराव्याला येणाऱ्या पाहुण्यासारखा."

मधे काही दिवस सौर चकतीचाही नाद केला, कॅल्क्युलेटरवर असते तसली. आठवड्यात तिच्यावर कूलंटच्या धुक्याचा असा थर बसला की बोटाने नाव लिहिता आलं असतं.

मग उष्णता. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पेल्टिअर मिळतो, छोट्या फ्रिजमध्ये घालतात तो. शिडीवर हातात होती ती पांढरी वडी हीच. वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम. उलटं केलं, म्हणजे एक बाजू तापवून दुसरी गार ठेवली, तर तोच वीज देतो. ही करामत सीबेकने १८२१ मध्ये पाहिली, आणि १९७७ मध्ये सुटलेली व्हॉयेजर यानं आजही याच तत्त्वाच्या विजेवर बोलतात. दुकानदाराला व्हॉयेजरशी काही देणंघेणं नव्हतं. "फ्रिज करायचाय का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो, कारण खरं सांगितलं असतं तर दुपार गेली असती.

या वडीत बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या असतात. दोन बाजूंमध्ये एका अंशाचा फरक पडला की सगळ्यांचे मिळून साधारण ५० मिलिव्होल्ट. इतक्या कमी व्होल्टेजवर कुठलाच कंट्रोलर उठत नाही, म्हणून मधे व्होल्टेज वाढवणारं एक बूस्ट सर्किट लागतं. मी वापरलं ते २० मिलिव्होल्टपासून सुरू होतं. शिडीवर बसून ४३ मिलिव्होल्ट बघून मी का हसत होतो, ते आता कळेल.

ते हसू त्याच दुपारी गेलं. वडी मी स्पिंडलच्या घरावर, बेअरिंगच्या शेजारी लावली होती. ती जागा हाताला कोमट लागते, शॉपच्या हवेपेक्षा सहा-सात अंश वर. पण ते सहा-सात अंश वडीच्या वाट्याला येत नाहीत. बहुतेक फरक हीटसिंक आणि हवा यांच्यामध्येच खर्च होतो आणि वडीला उरतो जेमतेम एक अंश. वर सर्किट जोडलं की व्होल्टेज निम्म्यावर येतं. ४३ चे झाले २१. सर्किट दुपारी चालू व्हायचं, बाजूचं शटर उघडून वारा आला की जास्त, बंद केलं की ठप्प.

मग आठ दिवस मी थर्मामीटर घेऊन मशीनभर हिंडलो. हे काम आधी करायला हवं होतं. व्हीएमसी नेमकी कुठे तापते हे बारा वर्षं हात लावूनही मला नीट माहीत नव्हतं. झेड अक्षाची, म्हणजे हेड वर-खाली करणारी, मोटर काही न करतासुद्धा गरम असते, कारण आमच्या मशीनला काउंटरवेट नाही. ती बिचारी दिवसभर हेड तोलून धरते. पण ती कॉलमवर, आणि मला हवी होती हेडवरची जागा. हेडवर स्पिंडल मोटर आहे. तिचं अंग हवेपेक्षा वीस अंश वर, आणि मुख्य म्हणजे तिच्या मागे स्वतःचा फॅन. वडी मोटरच्या अंगाला घट्ट आवळली, हीटसिंकच्या पाकळ्या फॅनकडे जाणाऱ्या हवेत धरल्या, आणि मीटरने ३४० मिलिव्होल्ट दाखवले. सगळ्या गळत्या जाऊन हातात जवळपास दोन मिलिवॅट.

दोन मिलिवॅट म्हणजे तासाला सात ज्यूल. साठवायला एक फॅरडचा सुपरकॅपॅसिटर घेतला. तो पाच व्होल्टवरून तीनवर येईपर्यंत आठ ज्यूल देतो. आणि एक वाचन घ्यायला, म्हणजे जागं व्हायचं, एक सेकंद कंपन टिपायचं, हिशेब करायचा, आकडे हवेत सोडायचे, याला साधारण ०.१ ज्यूल. कागदावर मी श्रीमंत होतो.

प्रत्यक्षात कॅपॅसिटर भरेचना. दोन दिवस वडी तपासली, जोड तपासले, बूस्ट सर्किट बदललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली आणि अंधारात बोर्डवर एक इवलासा लाल ठिपका दिसला. तयार बोर्डवर असतो तो पॉवरचा एलईडी. दोन मिलिअँपिअर खात होता, म्हणजे साडेसहा मिलिवॅट. मी कमावत होतो दोन आणि दारातला दिवाच खात होता साडेसहा. सोल्डरिंग आयर्नने उपटून टाकला. इतक्या बारीक कमाईत आधी खर्चाची गळती शोधायची असते, हे मला त्या अंधाराने शिकवलं.

आता सेन्सरच्या डब्याची गोष्ट. मामा म्हणाले, डबा मी करतो. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून, रात्रपाळीच्या फावल्या वेळात, त्यांनी असा डबा काढला की बघत राहावं. कोपऱ्यांना त्रिज्या, झाकणाला ओ-रिंगची खाच, चार एम४ स्क्रू, आणि पृष्ठभाग असा की दाढी करता यावी. सेन्सर आत ठेवला, झाकण लावलं आणि लॅपटॉपवरून सेन्सर गायब. झाकण उघडलं, हजर. धातूच्या बंद डब्यातून रेडिओ लहरी बाहेर येत नाहीत हे मी शिकलेलो होतो, पण मामांच्या हातात तो डबा बघून मला आठवलं नाही, किंवा आठवूनही बोलवलं नाही. मामा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. मग स्वतःच डेलरिनचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, दुसरा डबा काढून आणला. त्यातही सिग्नल अशक्त होता, कारण अँटेना हेडच्या लोखंडाला अगदी चिकटून होता. खाली वीस मिलिमीटरचा डेलरिनचाच ठोकळा दिला आणि बारा मीटरवरच्या क्वालिटी रूमच्या खिडकीपर्यंत आकडे जायला लागले. ॲल्युमिनियमच्या डब्यात मामा आता तंबाखू ठेवतात.

माप घेणारी चिप मात्र डब्यात नाही. ती वेगळी, अर्ध्या मीटरच्या वायरवर, थेट स्पिंडलच्या घरावर. आधी मी ती दुहेरी फोमटेपने चिकटवली होती आणि आकडे इतके सुंदर यायचे की मशीन नवी वाटावी. फोम म्हणजे गादी. वरच्या फ्रिक्वेन्सी, ज्यात बेअरिंगची पहिली कुरकुर असते, त्या गादीतच मुरत होत्या. मग चुंबक लावून बघितला, तर चार दिवसांत त्याला बीडाच्या भुकटीची दाढी. शेवटी रंग खरवडून, उघड्या बीडावर एपॉक्सीने बसवलेल्या लोखंडी चकतीत स्क्रूने आवळली. तेव्हा कुठे खरे आकडे आले, आणि ते अर्थातच आधीपेक्षा वाईट होते.

इथपर्यंत सगळी विजेची आणि डब्याची लढाई. खरा प्रश्न यानंतर उभा राहिला, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात शिकण्यासारखा भाग हाच. आकडे यायला लागले, पण त्यांचा अर्थ लागेना. दर दहा मिनिटांनी वाचन, एकदा ०.८, एकदा ५.२, एकदा ३.१. कधी फेस मिल बीड खातेय, कधी ड्रिल चाललंय, कधी टूल बदलतंय. बेअरिंगची कुरकुर या गोंगाटात शोधणं म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये घड्याळाची टिकटिक ऐकणं. ढिगाने वाचनं घेऊन संगणकावर काहीतरी गाळता आलं असतं, पण एवढा सगळा कच्चा माल हवेत सोडायला माझ्याकडे वीज नव्हती. एका प्रक्षेपणात जेमतेम दोन-अडीच डझन बाइट जातात. आठ आकडे, बस.

मामांना विचारलं, "तुम्ही आवाज कधी ऐकता?"

"सकाळी. वॉर्मअपला. टूल हवेत असतं तेव्हा. कटिंगमध्ये काय ऐकू येणार, डोंबल?"

म्हणजे उत्तर शॉपमध्येच होतं. रोज एकाच वेगावर, टूल न लावता, काही न कापता स्पिंडल फिरवायचा आणि तेवढंच मोजायचं. दिवसाला एक-दोन वाचनं पुरे. फक्त एक अडचण होती. सकाळी मोटर गार, म्हणजे वडीला कमाई शून्य. सगळी मदार काल रात्रीच्या साठ्यावर. आणि बुधवारी रात्री बंद झालेली मशीन शुक्रवारी सकाळी उठते, तोवर सुपरकॅपॅसिटर आपणहूनच झिरपून अर्धमेला झालेला असतो. दोन शुक्रवार सेन्सर उठलाच नाही. म्हणून मामांशी बोलून वेळ बदलली: जेवणाच्या सुट्टीआधी, साडेबाराला. मोटर तापलेली, कॅपॅसिटर भरलेला, आणि बेअरिंगही कामाच्या तापमानाला आलेलं, म्हणजे रोजची तुलना जास्त खरी. मामांना जेवणाचा डबा उघडायला जाण्यापूर्वी फक्त एक छोटा प्रोग्राम चालवायचा.

त्या प्रोग्रामचा वेग मी आधी ३००० ठेवला होता. आकडा गोल म्हणून. ती चूक. ३००० म्हणजे ५० हर्ट्झ, आणि आपल्याकडची वीजही ५० हर्ट्झची. स्पिंडलचं कंपन कुठलं आणि विजेची गुणगुण कुठली, कळायला मार्ग नाही. कूलंट पंपाची मोटर २८५०च्या आसपास फिरते, तीही तिथेच ४७-४८ला डोकं वर काढते. म्हणून २४०० घेतला, ४० हर्ट्झ, आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला कूलंट बंद. आता ४० वर जे दिसेल ते स्पिंडलचं, आणि बेअरिंगच्या बॉलचं गणित त्याच्या वरच्या पटींत. बाहेरच्या रिंगवर ओरखडा पडला तर एका फेरीत बॉलच्या संख्येच्या निम्म्याहून थोडे कमी ठोके बसतात, आतल्या रिंगवर पडला तर निम्म्याहून जास्त. त्या दोन जागा आणि एकूण कंपन, एवढंच सेन्सर बघतो.

पण सेन्सरला कसं कळणार की आता प्रोग्राम चालू झाला? कंट्रोलशी त्याचं काही बोलणं नाही, आणि सतत जागं राहणं परवडत नाही. इथे मला माझ्याच जुगाडाचा जरा अभिमान आहे. कॉलमवर, झेडच्या होमसमोर एक चुंबक चिकटवला आणि डब्यात एक रीड स्विच, चुंबक जवळ आला की मिटणारा. हेड होमला गेलं की स्विच मिटतो. टूल बदलतानाही हेड तिथे जातं, पण पाच-सहा सेकंदच थांबतं. प्रोग्राममध्ये चाळीस सेकंद थांबतं. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मिटलेला राहिला तर सेन्सर उठतो, स्पिंडल ४० हर्ट्झवर फिरतोय का बघतो, फिरत असेल तर मोजतो, नसेल तर परत झोपतो. रीड स्विचला वीज लागत नाही म्हटलं तरी चालेल.

डिसेंबरपासून रोजचा एक ठिपका भिंतीवरच्या आलेखावर. मोटर-पंपांसाठी कंपनाचे आंतरराष्ट्रीय तक्ते आहेत, लहान मशीनला ०.७१, १.८, ४.५ अशा पायऱ्या देतात. मी ते छापून लावले आणि महिन्याभरात काढले. स्पिंडलचा दुखणेकरी चेहरा त्याच्याच निरोगी चेहऱ्याशी ताडून बघावा लागतो. तीन नंबर ०.६ची, पाच नंबर जन्मापासून ०.९ची, आणि दोघीही उत्तम बोअर काढतात.

फेब्रुवारीत तीन नंबरचा ठिपका चढायला लागला. ०.६, ०.७, मग ०.९, आणि तीन आठवड्यांत १.४. बेअरिंगच्या जागा मात्र शांत. साहेबांनी काचेखालच्या बिलाकडे बघितलं. कव्हर उघडलं तर स्पिंडलच्या बेल्टची एक कड पिंजून दोरे निघालेले. "बेल्टचा असेल" म्हणणारा सेटर या वेळी बरोबर ठरला आणि ते त्याने शॉपभर सांगितलं. बेल्ट बदलल्यावर ठिपका खाली आला. गुरुवारी दोन तासांचं काम.

अपयशही सांगतो. मार्चमध्ये पाच नंबरवर ऑफसेट चुकून टूल जॉबमध्ये ठोकलं. आदल्या दिवशीचा ठिपका ०.९, त्या दिवशीचा ३.८. सेन्सरने फक्त पंचनामा केला. असं ठोकणं आधी सांगणारा सेन्सर माझ्याकडे नाही.

मग साहेब म्हणाले, सगळ्या आठ मशीनला लाव. आणि मी खर्च मांडायला बसलो तेव्हा एक गोष्ट गळ्याशी आली. दिवसाला एक वाचन, ०.१ ज्यूल. बाकी वेळ झोप, पाच मायक्रोअँपिअर. एक लिथियम पेन्सिल सेल, ३.६ व्होल्ट, २४०० मिलिअँपिअर-तास. भागाकार केला तर निव्वळ हिशेबाने पन्नास वर्षं. सेलची आपली झीज, उष्णता, सगळं धरून दहा तरी म्हणा. वडी, हीटसिंक, बूस्ट सर्किट, सुपरकॅपॅसिटर, मोटरवर आवळायचा पट्टा, या सगळ्याची जागा बोटभर सेल घेत होता. वीज कमी होती म्हणून मी खर्च इतका खाली आणला की आता कमावण्याची गरजच उरली नव्हती. दोन दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. मग सांगितलं. साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "मग सेल घाल," एवढंच म्हणाले.

सहा मशीनवर सेल घातले. तीन आणि पाचवर वड्या राहिल्या, कारण त्या आधीच बसलेल्या होत्या.

मे महिन्यात तीन नंबरचा सेन्सर आळशी झाला. सेन्सर रोजच्या आकड्यांबरोबर कॅपॅसिटर किती वेळात भरला तेही पाठवतो, ते मी माझ्या सोयीसाठी घातलं होतं. एरवी सकाळच्या चहापर्यंत भरणारा कॅपॅसिटर आता दुपारपर्यंत घेत होता, मग जेवण झाल्यावरही रिकामा. मला वाटलं वडी गेली, किंवा उन्हाळ्यात हवाच गरम म्हणून फरक कमी पडतोय. पण पाच नंबर त्याच हवेत मजेत होती. शिडी लावून वर गेलो. मोटरला हात लावला आणि लगेच काढला. फॅन बंद. तेलकट धुळीने जाळी गच्च भरलेली, पंखा अडकलेला. मोटर नेहमीपेक्षा जास्त तापली होती, पण हीटसिंकवरची हवा थांबल्याने वडीच्या दोन्ही बाजू मिळून तापत होत्या आणि वीज येत नव्हती. चार-आठ दिवसांत ओव्हरहीटचा अलार्म येऊन मशीन थांबली असती, तीही डिस्पॅचच्या आठवड्यात. कंपनाचा ठिपका मात्र रोज ०.६च होता. सेलवर चालणारा सेन्सर असता तर तोही "सगळं ठीक" म्हणत बसला असता.

जाळी धुतली, फॅन बदलला, दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी कॅपॅसिटर भरला. आता आलेखावर त्या दोन मशीनसाठी दुसरी रेघ आहे, भरायला लागलेल्या वेळेची. मामा तिला "भूक" म्हणतात. साडेबाराला प्रोग्राम लावून विचारतात, "आज भूक कशी आहे?"

परवा पहिला पाऊस झाला. साहेब काचेखालचं बिल दाखवत म्हणाले, "या वर्षी पाणी गेलं तर तुझा सेन्सर सांगेल ना?"

"पाणी गेल्यावर सांगेल, साहेब. जाऊ नये म्हणून एफआरएलला ऑटो ड्रेन लावलाय, पाणी आपोआप काढून टाकतो."

"केवढ्याचा?"

सांगितलं. त्यांनी ते बिल काचेखालून काढलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.